कळलं की पडदा

आमच्या घरात ‘फार्स’ हा शब्द शिवी म्हणून वापरायला बंदी होती. ताई शाळेत शिकवते. ती घरी येऊन पर्स टाकत म्हणाली, “आज तपासणीचा नुसता फार्स झाला,” की बाबा हातातला पेपर खाली ठेवायचे. ताईच्या जगात फार्सला तोटा नव्हता. तपासणीचा फार्स, बैठकीचा फार्स आणि मुलाखतींचा तर दर वर्षी, कारण कोणाला घ्यायचं ते आधीच ठरलेलं असायचं.

“त्याला ढोंग म्हण,” बाबा म्हणायचे. “सोंग म्हण, थोतांड म्हण, शब्दांचा काय दुष्काळ पडलाय? पण फार्स म्हणू नकोस. ढोंग करणाऱ्याला सगळं ठाऊक असतं. फार्समधल्या माणसाला काहीच ठाऊक नसतं. चुकीच्या दारातून तो जीव तोडून पळत येतो. दार चुकलंय हे अख्ख्या थिएटरला माहीत असतं, त्या एकट्याला सोडून. म्हणून हसू येतं. त्याला कळलं की पडदा.”

“बरं बाबा. तपासणीचं ढोंग झालं,” ताई म्हणायची आणि माझ्याकडे बघून नाक मुरडायची. मग आम्ही चहा प्यायचो.

बाबांनी आयुष्यभर फार्सच केले. घरी अतिशय गंभीर माणूस. रुमालाची घडी मोडली तरी कपाळाला आठ्या. पण रंगमंचावर गेले की त्यांच्या पायांत काहीतरी शिरायचं. भलत्याचाच कोट घालून पळणारा, पलंगाखाली सापडणारा, सासऱ्याला चोर समजून कोंडून ठेवणारा, असल्या सगळ्या भूमिका त्यांच्याच. लोक पोट धरधरून हसायचे आणि बाबा तोंडाचा रंग पुसत काळजीने विचारायचे, “दुसऱ्या अंकात जरा उशीर झाला का गं मला? अर्धा श्वास?” नाटकातले सगळे त्यांना अण्णा म्हणत. मला ते लाडात आले की ‘दिग्दर्शकबाई’ म्हणायचे. लहानपणी मी म्हणे घरात पाहुण्यांनाही कुठे बसायचं ते सांगायचे.

या हंगामात मी खरोखरच दिग्दर्शकबाई झाले. आधीचे दिग्दर्शक दुसऱ्या नाटक कंपनीत गेले आणि ती खुर्ची माझ्या वाट्याला आली. पहिलं नाटक म्हणून मी बाबांसाठीच एक फार्स बसवला. एक घरमालक असतो. एकच घर तो दोन भाडेकरूंना कबूल करून बसतो, आणि दोघेही एकाच संध्याकाळी सामानसुमान घेऊन हजर होतात. मग एकाला न्हाणीघरात लपव, दुसऱ्याला झोपायच्या खोलीत कोंब, बायकोला स्वयंपाकघरात गुंतवून ठेव आणि स्वतः पाच दारांतून आत-बाहेर पळत राहा. पाचवं दार कपाटाचं. दोन्ही अंकांत एकही दार चुकून चालत नाही.

या दारांच्या बाबतीत बाबांची एक जुनी पद्धत होती. नेपथ्याच्या मागे काळोख असतो. तिथून पळत येताना कुठलं दार कोणतं ते दिसत नाही, आणि दिसेपर्यंत थांबलं तर हसू गेलं. म्हणून प्रत्येक दाराला ते वेगळी मूठ लावून घ्यायचे, दोन्ही बाजूंनी. सुतारकाका इतकी वर्षं ती लावून देत आले होते. बाहेरच्या दाराला लोखंडी कडी, स्वयंपाकघराला लाकडी ठोकळा, न्हाणीघराला पितळेची गोल मूठ, झोपायच्या खोलीला वाकडा दांडा आणि कपाटाला चामड्याचा पट्टा. नाटक बदललं, रंग बदलला, तरी तिसऱ्या दाराची पितळी मूठ कायम. “डोकं विसरतं,” बाबा म्हणायचे, “हात विसरत नाही.”

आणि डोकं विसरायला लागलं होतं.

ताईला ते माझ्या आधी दिसलं. गॅस चालू राहिला. दूध आणायला म्हणून गेलेले बाबा आम्ही पूर्वी राहायचो त्या घराच्या पायरीवर सापडले, हातात रिकामी पिशवी. “डॉक्टरांना दाखवू या,” ताई म्हणाली. मी म्हणाले, “हंगाम संपू दे.” आमच्या धंद्यात हे सगळ्यालाच उत्तर असतं, दाढदुखीपासून लग्नापर्यंत. खरं म्हणजे डॉक्टर काय सांगतील ते मला ऐकायचं नव्हतं. मी रोज पडद्यामागे उभी असायचे. काळोखात मला त्यांचं पुटपुटणं ऐकू यायचं. “गोल, म्हणजे न्हाणीघर. वाकडी, म्हणजे खोली.” पूर्वी ते असं पुटपुटत नसत.

प्रयोग बरे चालले होते. बरे म्हणजे, पुढच्या रांगा भरायच्या आणि मागून खोकला ऐकू यायचा. थिएटरचा मालक भेटला की हवापाण्याच्या गप्पा मारायचा. मालक हवापाण्यावर आला की समजायचं, आपल्या तारखा दुसऱ्या कोणाला तरी देण्याच्या बेतात आहे.

अशातच एका दुपारच्या प्रयोगात बाबा चुकले. न्हाणीघरातल्या भाडेकरूला बाहेर काढायचं होतं, त्यांनी कपाट उघडलं. कपाट रिकामं. दार धरून ते आत बघत राहिले. मग ते प्रेक्षकांकडे वळले आणि अगदी हळू, काळजीच्या आवाजात म्हणाले, “इथे कोणीतरी होतं ना?”

लोकांनी थिएटर डोक्यावर घेतलं. मागच्या रांगांतला खोकलासुद्धा हसण्यात बुडाला. मीही हसले. विंगेत खांबाला धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. आणि हसत असतानाच मला पक्कं माहीत होतं की बाबा अभिनय करत नाहीयेत.

दुसऱ्या दिवशी मी म्हणाले, “बाबा, ते कपाटाचं ठेवू या आपण. मुद्दाम करा.”

त्यांनी केलं. शिस्तीत केलं, हात तिथेच, आवाज तोच. एक-दोघं हसले, बाकीचे गप्प. पुढच्या प्रयोगाला पुन्हा तेच. बाबा माझ्याजवळ येऊन बसले. “नाही जमणार गं. कपाट रिकामं आहे हे मला माहीत असतं. माहीत असलं की हात खोटा पडतो. सोड, आपलं मूळचंच बरं.”

मी सोडलं नाही.

मी सुतारकाकांकडे गेले. ते मागच्या अंगणात फळीला रंधा मारत होते. “काका, पाचही दारांना एकसारख्या मुठी लावायच्यात,” मी म्हणाले. “काळ्या, साध्या. हे पाच प्रकार म्हणजे जुन्या बाजाराचं दुकान वाटतं.”

काकांचा रंधा थांबला. “अण्णांना विचारलंत?”

“नेपथ्य मी ठरवते, काका.”

“तसं नाही हो. ते काळोखातून येतात.”

“सवय होईल.”

काकांनी पुढे वाद घातला नाही. हवा होता मला त्यांचा वाद. घातला असता तर कदाचित मी माघारी फिरले असते. हेही मी सोयीनेच म्हणतेय म्हणा. संध्याकाळपर्यंत पाच काळ्या मुठी बसल्या. जुन्या मुठी त्यांनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घातल्या आणि डबा माझ्या हातात दिला. “हे माझ्याकडे नको,” ते म्हणाले.

मी स्वतःला पटवत राहिले की नेपथ्य खरंच आता नीटनेटकं दिसतंय. माणसाला स्वतःच्या गळी काय वाट्टेल ते उतरवता येतं. पण काळोखातलं ते पुटपुटणं मी ऐकलेलं होतं. आपण बाबांच्या हातातून काय काढून घेतोय, ते मला सुतारकाकांपेक्षा जास्त चांगलं ठाऊक होतं.

त्या प्रयोगात बाबा सारखे चुकले. बायकोसाठी दार उघडलं तर आत भाडेकरू, भाडेकरूसाठी उघडलं तर कपाट. प्रत्येक वेळी ते दचकत होते, आणि ते दचकणं इतकं खरं होतं की लोक खुर्चीवरून घसरायचे बाकी होते. बरोबरचे नट हुशार, त्यांनी सांभाळून घेतलं. त्यांना वाटलं, अण्णा रोज नवीन काढतात. मध्यंतरात मी रंगपटात गेले. बाबांच्या हातातला चहा तसाच होता.

“दारं बदललीस का गं?”

“नाही बाबा. तीच आहेत.”

“मुठी?”

“त्याच.”

त्यांनी कप ठेवला आणि उजवा हात उलटा-सुलटा करून बघितला, पावती न मिळालेल्या सामानाकडे बघावं तसा. “मग हातही गेला म्हणायचा,” ते म्हणाले.

मुठी बदलल्या त्याला मी एक वेळ धंदा म्हणेन. धंद्यात माणूस काय काय करतो. पण हे दोन शब्द, ‘तीच आहेत’, हे कोणी माझ्या तोंडून वदवून घेतले नव्हते. एका वाक्यात ते शांत झाले असते. मला लाज वाटली, आणि लाज वाटत असतानाच घंटा झाली म्हणून मी म्हणाले, “चला बाबा, दुसरा अंक.”

थिएटर भरायला लागलं. मालकाने हवापाणी सोडलं आणि पुढच्या हंगामाच्या तारखांवर आला. पेपरात छापून आलं की या वयात असलं अचूक टायमिंग विरळा. ताईने ते बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते सभ्यपणे ऐकत होते, शेजाऱ्याच्या मुलाचा निकाल ऐकावा तसे.

घरी त्यांनी वेगळंच सुरू केलं होतं. सकाळी उठले की ते घरातल्या प्रत्येक दारापाशी जात, डोळे मिटत आणि मूठ चाचपत. बाहेरच्या दारापासून न्हाणीघरापर्यंत, आणि पुन्हा पहिल्यापासून.

“बाबा हे काय करतात गं?” ताईने मला स्वयंपाकघरात गाठलं.

“सराव.”

“घरच्या दारांवर?”

“नट आहेत ते, ताई.”

“तू मला शिकवू नकोस. डॉक्टरकडे न्यायचं सोडून त्यांना रोज पळवतेयस. हा काय फार्स...” ताई मध्येच थांबली. बाबा पलीकडच्याच खोलीत होते. आम्ही दोघी आपोआप वाट बघत राहिलो, की आता आतून आवाज येईल, पेपर आपटल्याचा, शब्दांचा काय दुष्काळ पडलाय म्हणून. काहीच आलं नाही. फक्त एका दाराची मूठ हळूहळू फिरल्याचं ऐकू आलं.

“ढोंग,” ताई स्वतःच म्हणाली, आणि डोळ्यांना पदर लावून भांडी आवरायला लागली.

त्यानंतरच्या सुट्टीच्या दिवशी दुपारचा प्रयोग होता. दुसऱ्या अंकात बाबा न्हाणीघरात गेले. तिथून मागच्या मागे पळत झोपायच्या खोलीतून बाहेर यायचं होतं. ते आलेच नाहीत. रंगमंचावर दोन्ही भाडेकरू एकमेकांकडे बघत काहीबाही बोलत राहिले, आणि लोक बंद दारांकडे बघून हसायला लागले. कुठल्या दारातून येणार आता? प्रत्येक सेकंदाला हसू वाढत होतं. मी मागे धावले.

बाबा काळोखात उभे होते. तिसऱ्या दाराच्या मुठीवर हात, मग चौथ्याच्या, मग परत तिसऱ्याच्या. घामाने रंग मानेवर ओघळला होता. मला बघून त्यांना हायसं वाटलं.

“अहो बाई,” ते म्हणाले, “जरा सांगता का, इथून बाहेर कसं जायचं?”

आयुष्यात त्यांनी मला अहो म्हटलं नव्हतं. माझ्या मागे दहा पावलांवर रस्त्यावर उघडणारं दार होतं. त्यांचा हात धरून मला त्यातून थेट घरी जाता आलं असतं.

मी चौथं दार उघडलं, त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि त्यांना उजेडात ढकललं.

त्या हंगामातलं सगळ्यात मोठं हसू तेव्हा आलं. नेपथ्याच्या मागून ते ऐकताना मी कान झाकून घेतले. माझाच हात होता तो. अजूनही कोणाच्या पाठीवर हात ठेवायला मी कचरते.

पडदा पडला तसं मी नाटक बंद केलं. मालक ओरडला, मी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा घेऊन थिएटरवर गेले आणि काळ्या मुठी काढून जुन्या पुन्हा बसवल्या. सुतारकाका शेजारी उभे राहून एकेक स्क्रू हातात देत होते. मग मी बाबांना घेऊन आले. थिएटर रिकामं होतं, एकच दिवा लावलेला. मी त्यांचा उजवा हात धरून पितळी मुठीवर ठेवला.

“ही कुठली, बाबा?”

त्यांनी ती नीट धरली. अंगठ्याने पुसली. मी देवाला काय काय कबूल करत होते ते मलाच ठाऊक.

“छान आहे,” ते म्हणाले. “पितळ आहे का?”

डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, हे हळूहळू होतच असतं, याला कोणी काही करू शकत नाही, तुम्ही मुलींनी मनाला लावून घेऊ नका. ताईला रडू फुटलं, बरं वाटून. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले. डॉक्टरांना मुठींचं कोणी सांगितलंच नव्हतं.

ती पितळी मूठ मी काकांना विचारून घरी आणली आणि न्हाणीघराच्या दाराला लावली. त्याच संध्याकाळी बाबांसमोर जाऊन बसले. ते खुर्चीत बसून रुमालाची घडी घालत होते, मोडत होते, परत घालत होते. ताई स्वयंपाकघरात होती. सांगितलं नाही तर हे मला खाऊन टाकेल, इतकंच मला कळत होतं.

“बाबा, तुम्हाला एक सांगायचंय. मी दारांच्या मुठी बदलल्या होत्या.”

“कुठल्या दारांच्या?”

“नाटकातल्या.”

“हां, नाटकातल्या!” त्यांचा चेहरा एकदम उजळला. रुमाल बाजूला ठेवून ते पुढे सरकून बसले. “मग?”

मी सांगत गेले. सगळं सांगितलं, कपाट, सुतारकाका, बिस्किटांचा डबा. ते कान देऊन ऐकत होते, नवीन संहिता ऐकताना ऐकायचे तसे, मध्येच मान हलवत. मी मध्यंतरापर्यंत आले. “मग तुम्ही मला विचारलंत, दारं बदललीस का. आणि मी म्हणाले, नाही बाबा, तीच आहेत.”

बाबा फुटलेच. गुडघ्यावर थाप मारून हसले, मागे रेलून हसले, डोळे पुसले आणि पुन्हा हसले. “तीच आहेत म्हणते! तोंड वर करून! अहो, काय प्रसंग आहे! आणि तो म्हातारा बिचारा आपला हातच तपासत बसलाय! कोणी लिहिलंय हे?”

“मीच,” मी म्हणाले.

“झकास आहे. मग त्याला कळतं का शेवटी?”

मी त्यांचा रुमाल उचलला आणि घडी घालायला लागले.

“कळू देऊ नका हं,” बाबा बोट नाचवत म्हणाले. “चांगला फार्स हातचा जाईल. कळलं की पडदा.”

“पण त्या मुलीला फार वाईट वाटतं, बाबा. तिला झोप लागत नाही.”

“वाटू दे की,” ते समजुतीच्या सुरात म्हणाले. “ते तिने विंगेत करावं. लोकांना दाखवायचं नाही.”

ताई हात पुसत दारात आली. “काय झालं गं? बाबा इतके कशाला हसतायत?”

“नाटकाची गोष्ट सांगत होते,” मी म्हणाले.

“किती दिवसांनी हसले!” ताईचे डोळे भरून आले. “रोज सांगत जा बाई त्यांना.”

म्हणून मी रोज सांगते. संध्याकाळ झाली की बाबा खुर्ची ओढून घेतात आणि म्हणतात, “अहो बाई, ती दारांची गोष्ट सांगा ना.” कालची त्यांना आठवत नसते, असली एक गोष्ट आहे, एवढंच कुठूनतरी आठवतं. मी पहिल्यापासून सांगते, काही गाळत नाही. ताईही कधीकधी वह्या तपासत ऐकत बसते आणि त्यांच्या हसण्याला हसते. परवा हसता हसता ती मध्येच थांबली. माझ्याकडे बघितलं, न्हाणीघराच्या दाराकडे बघितलं, आणि पुन्हा वह्यांत डोकं घातलं. मी वाट बघितली, मग गोष्ट पुढे सांगायला लागले.

‘तीच आहेत’पाशी बाबा रोज तितकंच हसतात. मग डोळे पुसून विचारतात, “कळलं का हो त्याला?”

“अजून नाही,” मी म्हणते.